व्हाइट वाइनचा वास: दोष कोणता, गुण कोणता?



आपल्यापैकी बऱ्याच जणांची वाइनशी खरी ओळख झाली ती इकडे आल्यावर. ऑफिसची डिनर्स, शेजाऱ्यांकडचे थँक्सगिव्हिंग, मुलांच्या मित्रांचे आईवडील जेवायला बोलावतात तेव्हा, असे करत करत हा पाहुणा आपल्याही घरच्या पार्ट्यांमध्ये दिसू लागला. कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाइन, ग्लास कसा धरायचा, यावर हवे तेवढे वाचायला मिळते. पण एका साध्या प्रश्नाचे उत्तर पटकन मिळत नाही. तो प्रश्न असा: "याला जरा विचित्र वास येतोय. ही वाइन अशीच असते, की खराब झाली आहे?"

हा प्रश्न मोठ्याने विचारायला आपण बिचकतो. आपल्याला यातले फारसे कळत नाही, उगाच हसे होईल, असे वाटते. त्यात आपला मराठी भिडस्तपणा आणि वर इथला प्रसिद्ध 'मिनेसोटा नाइस' स्वभाव! मग कुबट वासाची वाइन टेबलावरचे सगळेजण निमूटपणे संपवतात आणि "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणतात. उलटही घडते. तळाशी काचेसारखे खडे दिसले म्हणून एखादी उत्तम बाटली सिंकमध्ये ओतली जाते. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचे तर पहिला फॉल्स निगेटिव्ह आणि दुसरा फॉल्स पॉझिटिव्ह. दोन्हीत पैसे वाया जातात, आणि पहिल्यात "आपल्याला वाइन आवडतच नाही" असा गैरसमज कायमचा बसतो तो वेगळाच.

म्हणून हा लेख. यात पिण्याचा प्रचार नाही. जे घेत नाहीत त्यांनी केवळ रसायनशास्त्राची गंमत म्हणून वाचावा. आणि गंमत खरोखरच आहे, कारण हिंग, काळे मीठ, पेरू, धणे, चिंच आणि आंबेमोहोर तांदूळ या साऱ्यांची या विषयात वर्णी लागते!

पहिला घोट कशासाठी?

रेस्टॉरंटमध्ये वेटर बाटली उघडतो, एकाच्या ग्लासात घोटभर ओततो आणि थांबतो. अनेकांना वाटते की ही आपल्या ज्ञानाची परीक्षा आहे. तसे मुळीच नाही. ही परीक्षा बाटलीची आहे. "आवडली का?" असे तो विचारत नसतो. "माल बिनचूक आहे ना?" एवढेच विचारत असतो. आपल्या क्षेत्रात डिलिव्हरीनंतर ॲक्सेप्टन्स टेस्ट असते, तसेच हे. त्यामुळे दोष ओळखता आले की काम झाले. "जंगली फुलांचा मंद दरवळ आणि ओल्या दगडाची आठवण" असली वाक्ये पाठ करण्याची गरज नाही.

दोष पकडायला रेडपेक्षा व्हाइट वाइन सोपी. रेडमध्ये सालींमधून आलेले टॅनिन, गडद रंग आणि अनेकदा लाकडी पिंपाचा वास असतो, त्यांच्याआड बरेच काही लपते. व्हाइट वाइन त्या मानाने उघडी. मात्र ती फार थंड असली तर गुण आणि दोष दोन्ही दबून जातात. घरातल्या फ्रिजचे तापमान साधारण ३-४ अंश सेल्सिअस असते. बाटली बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटे ठेवली आणि ती ८ ते १२ अंशांच्या आसपास आली, की नाकाला खरे काय ते कळते.

वास येतो कुठून?

तीन ठिकाणांहून. पहिले ठिकाण द्राक्ष: जात, हवामान, तोडणीची वेळ. दुसरे ठिकाण आंबवण्याची क्रिया: यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल बनवते आणि जाता जाता शेकडो वासाचे रेणू तयार करते. तिसरे ठिकाण साठवण: पिंप, बूच, बाटली, ऊन, थंडी आणि हवा. बहुतेक गुण पहिल्या दोन ठिकाणी जन्मतात, आणि बहुतेक दोष दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणी. अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

विचित्र, पण निर्दोष

ढोबळी मिरची आणि पेरू. सोव्हिन्यों ब्लांक नावाच्या द्राक्षाच्या वाइनला कापलेल्या ढोबळी मिरचीचा किंवा ताज्या गवताचा वास येतो. कारण मेथॉक्सिपायराझिन या गटातले रेणू. तेच रेणू ढोबळी मिरचीतही असतात. एका लिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश एवढ्यानेही नाकाला वर्दी मिळते. याच वाइनमध्ये पेरू, पॅशनफ्रूट किंवा पपनस-ग्रेपफ्रूटसारखा वास येतो तो थायॉल या गंधकयुक्त रेणूंमुळे. त्यांच्यापैकी एक खऱ्या पेरूतही सापडतो. याच कुटुंबातला आणखी एक रेणू जास्त झाला तर चक्क मांजराच्या मुताची आठवण होते! जाणकार मंडळी हेसुद्धा कौतुकाने नोंदवतात. तुम्हाला आवडले नाही तर तो तुमच्या आवडीचा प्रश्न, वाइनचा दोष नव्हे.

आपल्या नाशिकचा इथे संबंध येतो. स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकलेले आणि ओरॅकलमध्ये नोकरी केलेले राजीव सामंत कॅलिफोर्नियाहून परत गेले आणि त्यांनी नाशिकजवळ सुला विनयार्ड्स उभे केले. १९९७ च्या सुमारास तिथे सोव्हिन्यों ब्लांक आणि शेनिन ब्लांक या द्राक्षांची लागवड झाली आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आली. नाशिकची सोव्हिन्यों ब्लांक प्यायल्यावर "भाजीचा वास येतो" अशी तक्रार करणारे भेटतात. तो वास त्या द्राक्षाचा स्वभावच आहे.

गुलाब, लिची, धणे. मस्कत आणि गेवुर्झट्रामिनर या द्राक्षांत टर्पीन गटातले रेणू भरपूर असतात. लिनालूल हा त्यांतला एक, आणि धण्याच्या वासाचा मुख्य घटकही तोच. जिरॅनिऑल म्हणजे गुलाबाचा वास. त्यामुळे "यात अत्तर घातलंय का?" असे वाटले तरी काळजी नको. कोणी काही घातलेले नाही.

रॉकेल. रीसलिंग नावाची वाइन, विशेषतः चार-पाच वर्षे मुरलेली, ग्लासात ओतली की रेशनच्या रांगेत कॅन घेऊन उभे राहिल्याचे दिवस आठवतात. स्टोव्हच्या पिनेसकट! हा टीडीएन नावाचा रेणू. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांच्या विघटनातून त्याची बीजे तयार होतात, आणि बाटलीत वाइन मुरताना तो हळूहळू मोकळा होतो. घडांवर ऊन जास्त पडले किंवा साठवण उबदार जागी झाली तर त्याचे प्रमाण वाढते. थोडा असेल तर रीसलिंगची ओळखच मानली जाते. अगदी कोवळ्या वाइनमध्ये भसकन आला तर काही जण नाक मुरडतात. पण भेसळ नक्कीच नाही.

लोणी आणि पॉपकॉर्न. कॅलिफोर्नियाच्या अनेक शार्डने वाइनना लोण्याचा वास येतो. इथे यीस्टनंतर जिवाणूंची एक पाळी होते. ते सफरचंदातल्या मॅलिक आम्लाचे रूपांतर दह्यातल्या लॅक्टिक आम्लात करतात. वाइन मऊ होते, आणि डायअसेटिल हा लोण्याचा वास देणारा रेणू सोबत येतो. विरजण लावणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे वेगळे समजवायला नको.

नुकतीच ओढलेली काडेपेटीची काडी. बाटली उघडताच नाकाला झिणझिण्या आणणारा वास म्हणजे बहुधा सल्फर डायऑक्साइड. वाइन टिकावी म्हणून तो थोडा घालतात. ग्लास फिरवला की पाच मिनिटांत उडून जातो. 'कंटेन्स सल्फाइट्स' अशी सूचना अमेरिकेत बाटल्यांवर १९८० च्या दशकाच्या शेवटापासून सक्तीची आहे. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, त्यांनी ती गंभीरपणे घ्यावी. इतरांनी घाबरू नये.

तळाचे खडे. बुचाला किंवा तळाला चिकटलेले पांढरे, साखरेसारखे चमकणारे कण म्हणजे काच नव्हे. ते पोटॅशियम बायटार्ट्रेट. आपल्या चिंचेला आंबटपणा देणारे टार्टारिक आम्ल द्राक्षातही असते, आणि थंडीत त्याचा हा क्षार खाली बसतो. बेकिंगच्या कपाटात 'क्रीम ऑफ टार्टर' नावाची डबी असेल, तर तीच वस्तू आहे. चवीला किंचित आंबट, बाकी पूर्ण निरुपद्रवी. शेवटचा घोट जपून ओता, झाले.

खरे दोष

१. बुचाचा कुबट वास. सर्वांत प्रसिद्ध दोष हाच. ओला पुठ्ठा, पावसाळ्यात पोटमाळ्यावर भिजलेली वर्तमानपत्रे, किंवा इथल्या भाषेत सांगायचे तर पाणी शिरलेले बेसमेंट. कारण आहे २,४,६-ट्रायक्लोरोॲनिसोल, म्हणजेच टीसीए. स्विस संशोधक हान्स टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्यावर बोट ठेवले. बुचाच्या सालीत राहणाऱ्या बुरशीचा क्लोरीनयुक्त रसायनांशी संबंध आला की ती त्यांचे टीसीए करून टाकते. म्हणून बुचे क्लोरीनने धुण्याची जुनी पद्धत उद्योगाने सोडून दिली.

याची ताकद किती? लिटरला ग्रॅमचे दोन ते पाच अब्जांश एवढे पुरते. ऑलिंपिकचा पोहण्याचा तलाव साधारण २५ लाख लिटरचा धरा. त्यात एक शतांश ग्रॅम, म्हणजे चिमटीच्या टोकावर मावेल एवढे टीसीए टाकले तरी पूर्ण तलाव बाद! शिवाय ते नुसते वास देत नाही, वास मारतेही. २०१३ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की टीसीए नाकातल्या गंधपेशींचे संकेतच दाबते. त्यामुळे हलका दोष असेल तर कुबट वास जाणवतही नाही, फक्त वाइन मुकी लागते. फळाचा वास नाही, चव पुठ्ठ्यासारखी. नवशिक्याला वाटते, ही वाइनच अशी. बिचाऱ्या वाइनरीची नाहक बदनामी होते.

या त्रासाला कंटाळून ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या रीसलिंग उत्पादकांनी २००० साली एकत्र येऊन फिरकीच्या झाकणाचा रस्ता धरला. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमध्येही तशी मोहीम सुरू झाली. आज न्यूझीलंडच्या बहुतेक व्हाइट वाइन अशाच येतात. तेव्हा फिरकीचे झाकण म्हणजे स्वस्त माल, हा समज सोडून द्यावा.

२. हवा लागलेली वाइन. सफरचंद कापून ठेवले की तपकिरी पडते, तीच ही क्रिया. फिकट पिवळा रंग गडद सोनेरी-तपकिरी होतो, आणि वास शिळ्या सफरचंदाचा, सुक्या मेव्याचा किंवा शेरीचा येतो. अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइड झाल्याची ही खूण. शेरीमध्ये हे मुद्दाम घडवून आणतात, तिथे तो गुण. दोन वर्षांच्या साध्या पिनो ग्रिजोमध्ये मात्र दोष. पार्टीनंतर उरलेली अर्धी बाटली काउंटरवर ठेवली तर हेच होते. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन ते पाच दिवसांत संपवा.

३. सडकी अंडी, काळे मीठ, हिंग. हा गंधकाचा दरबार. आंबवताना यीस्टला नायट्रोजनयुक्त खाद्य कमी पडले की ते हायड्रोजन सल्फाइड सोडते. काळे मीठ किंवा चाट मसाल्याची बरणी उघडल्यावर येतो तोच वास. पुढे त्यातून मर्कॅप्टन आणि डायसल्फाइड तयार झाले की कोबी, लसूण, रबर अशी वासांची चढती भाजणी लागते. हिंगाचा दर्पही डायसल्फाइड गटाचाच, तेव्हा आपली नाके इथे उपजत तयार! घट्ट फिरकीच्या झाकणाखाली हवा फारशी मिळत नाही, म्हणून तिथे हा वास अडकून राहण्याची शक्यता जास्त.

चांगली बातमी ही की हा दोष बरेचदा घरी दुरुस्त होतो. वाइन एका जगमधून दुसऱ्या जगमध्ये दोन-तीनदा ओता, चहा थंड करतो तसे. दहा-पंधरा मिनिटे थांबा. खात्री करायची असेल तर थोडी वाइन वेगळ्या ग्लासात घ्या, तांब्याचा घासून स्वच्छ केलेला तुकडा किंवा १९८२ पूर्वीचे एक सेंटचे नाणे (ते बहुतांश तांब्याचे असे) त्यात टाकून ढवळा. तांबे हायड्रोजन सल्फाइडला पकडते आणि वास झटकन उतरतो. हा प्रयोग फक्त वास घेण्यापुरता, ती वाइन प्यायची नाही. आणि दोष डायसल्फाइडपर्यंत गेला असेल तर तांबेही हात टेकते.

४. व्हिनेगर आणि नेलपॉलिश रिमूव्हर. ॲसिटिक आम्लाचे जिवाणू हवेच्या मदतीने अल्कोहोलचे व्हिनेगर करतात. त्याच वेळी तयार होणारे इथाइल ॲसिटेट म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरचा वास. थोडेसे प्रत्येक वाइनमध्ये असते. अमेरिकेच्या नियमांनी व्हाइट वाइनसाठी मर्यादा साधारणपणे लिटरला १.२ ग्रॅम ठरवली आहे. नाकात झोंबले आणि घशात जळजळले तर समजावे. यावर घरगुती इलाज नाही.

५. उन्हाने आणि उजेडाने बिघडलेली. जुलैत गाडीच्या डिकीत तीन तास राहिलेली बाटली 'शिजते'. ताजे फळ जाऊन मुरांब्यासारखा बोजड वास येतो, आणि बूच थोडे वर आलेले दिसते. उजेडाची गोष्ट वेगळी. पारदर्शक बाटलीतल्या वाइनवर ऊन किंवा प्रखर ट्यूबलाइट पडली की तिच्यातले रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) जागे होते आणि एका अमिनो आम्लाचे रूपांतर गंधकयुक्त रेणूंमध्ये करते. मग शिजवलेला कोबी किंवा भिजलेला लोकरी स्वेटर. म्हणून दुकानाच्या खिडकीत शोभेला ठेवलेली बाटली उचलू नका.

आंबेमोहोराचा किस्सा

आम्हाला सगळ्यात जास्त गंमत वाटली ती या दोषाची. इंग्रजीत त्याला उंदराच्या नावाने ओळखतात. उंदराच्या पिंजऱ्यासारखी, शिळ्या फटाणासारखी चव घोट गिळल्यानंतर काही क्षणांनी तोंडात उमटते. सल्फाइट न घालता केलेल्या 'नॅचरल' वाइनचे प्रस्थ वाढल्यापासून तो पुन्हा चर्चेत आला आहे. याला जबाबदार असलेल्या तीन रेणूंपैकी एक आहे २-ॲसिटिल-१-पायरोलिन. आणि हा कोण? बासमती आणि आपल्या आंबेमोहोर तांदळाच्या सुगंधाचा राजा! भाताचे झाकण उघडल्यावर ज्या वासाने भूक लागते, तोच रेणू वाइनमध्ये आला की तोंड वाकडे होते. संगतीचा परिणाम, दुसरे काय!

गिळल्यानंतरच का कळतो? वाइन आम्लधर्मी असल्यामुळे ग्लासात हे रेणू उडत नाहीत, त्यामुळे नाकाला पत्ता लागत नाही. तोंडात लाळेशी मिसळून आम्लता कमी झाली की ते मोकळे होतात आणि घशाच्या मागून नाकात पोचतात. काही लोकांना हा दोष अजिबात जाणवत नाही. तेव्हा टेबलावर एकाला लागला आणि दुसऱ्याला नाही, तर दोघेही खरे बोलत असू शकतात.

आपल्या मिनेसोटाचे खास मुद्दे

थंडी. पुस्तके उष्णतेबद्दल सांगतात, जानेवारीतल्या ईडन प्रेरीबद्दल नाही! साधारण १२ टक्के अल्कोहोलची वाइन उणे ५-६ अंश सेल्सिअसला गोठू लागते. आपल्याकडे रात्री उणे २० सहज होते. बाटली रात्रभर गाडीत किंवा गरम न केलेल्या गराजमध्ये राहिली तर बर्फ प्रसरण पावून बूच वर ढकलतो किंवा फिरकीच्या झाकणाची सील ढिली करतो. एकदाच गोठून वितळलेली वाइन बहुधा पिण्यालायक असते, फक्त चिंचवाले खडे भरपूर दिसतात. पण सील सुटली असेल तर हवा आत शिरू लागते, म्हणून लवकर संपवावी. बूच वर आलेले दिसले तर आधी गोठणे की तापणे, हे महिना बघून ठरवा!

लेडीबग. ऑक्टोबरमध्ये घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर आणि खिडक्यांत गर्दी करणारे केशरी, ठिपकेदार आशियाई लेडीबग सर्वांना माहीत आहेत. द्राक्षतोडणीच्या वेळी ते घडांत लपतात आणि द्राक्षांबरोबर चिरडले जातात. त्यांच्या शरीरातून तेच मेथॉक्सिपायराझिन गटातले रेणू वाइनमध्ये उतरतात. वास ढोबळी मिरची, कच्चा बटाटा, शेंगदाण्याची साल असा काहीसा. २००१ च्या हंगामात कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या वाइनला याचा मोठा फटका बसला होता. मिनेसोटा विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनीही या किड्यावर काम केले आहे. म्हणजे हिरवा वास सोव्हिन्यों ब्लांकमध्ये आला तर गुण, आणि ज्या द्राक्षाच्या स्वभावात तो नाही तिथे आला तर शंका घ्यायला जागा.

इथली द्राक्षे. युरोपातली नेहमीची द्राक्षवेल आपल्या हिवाळ्यात तग धरत नाही. हायवे ५ वरून पश्चिमेला चॅनहॅसनकडे गेलो की लँडस्केप आर्बोरेटम लागते. त्याच परिसरात विद्यापीठाचे फलोत्पादन संशोधन केंद्र आहे. ज्याने आपल्याला हनीक्रिस्प सफरचंद दिले, तेच हे केंद्र. रानटी रिपॅरिया वेलीच्या वंशात युरोपीय द्राक्षांचा संकर करून त्यांनी उणे ३० अंशांखालची थंडी सोसणाऱ्या जाती काढल्या: व्हाइट वाइनसाठी ला क्रेसेंट (२००२), फ्रॉन्टेनॅक ग्री (२००३) आणि इटास्का (२०१७). ला क्रेसेंटच्या वंशावळीत मस्कत आहे, म्हणून जर्दाळू आणि फुलांचा ठसठशीत वास येतो. आंबटपणाही चांगलाच असतो. तो दोष समजू नका, थंड प्रदेशाचा आणि जातीचा स्वभाव आहे. बटाटेवडा किंवा कोथिंबीर वडीबरोबर हा आंबटपणा लिंबू पिळल्यासारखे काम करतो.

याउलट नायगारासारख्या जुन्या अमेरिकन द्राक्षांच्या वाइनला मुलांच्या ग्रेप जेलीचा वास येतो. तो मिथाइल अँथ्रानिलेटचा. आपल्याकडच्या बंगळूर ब्ल्यू द्राक्षातही तोच. काहींना बालपण आठवते, काहींना खोकल्याचे औषध. पण दोष नाही.

पाच मिनिटांची तपासणी

आपली डीबगिंगची सवय इथे कामी येते. क्रम असा ठेवा:

१. बघा. बूच वर आले आहे का? गळती? वयाच्या मानाने रंग तपकिरी?
२. ग्लास न फिरवता वास घ्या, मग फिरवून घ्या. पहिला वास महत्त्वाचा. नाक लवकर सरावते, म्हणून मध्ये दोन मिनिटे थांबा.
३. शंका आली तर ग्लास दहा मिनिटे बाजूला ठेवा. वास कमी झाला तर गंधक किंवा सल्फर डायऑक्साइड, प्रश्न मिटला. तसाच राहिला किंवा वाढला आणि कुबट असला, तर टीसीए.
४. घोट घ्या. नाकाला ठीक आणि गिळल्यावर वाईट, तर आंबेमोहोराचा भाऊ.
५. शेजारच्याला विचारा. प्रत्येकाच्या नाकाची संवेदना वेगळी असते. "मला वास येत नाही" म्हणणारा अडाणी नसतो, आणि "येतोय" म्हणणारा नखरेबाज नसतो.

मग करायचे काय?

*रेस्टॉरंटमध्ये:* शांतपणे सांगा, "आय थिंक धिस बॉटल इज कॉर्क्ड, कुड यू प्लीज चेक?" एवढे एक वाक्य पुरे. वेटर स्वतः वास घेईल आणि दोष असेल तर दुसरी बाटली आणेल. यात भांडण नाही, अपमान नाही. "मला वाटले होते त्यापेक्षा आंबट आहे" हे मात्र बाटली परत करण्याचे कारण होत नाही.

*दुकानात:* ईडन प्रेरीत वाइनची दुकाने शहराच्याच मालकीची आहेत हे नवीन आलेल्यांना नवल वाटते. कुठूनही घेतलेली असो, दोष वाटला तर बाटली रिकामी करून नेऊ नका. बूच किंवा झाकण परत लावा आणि पावतीसह शक्य तितक्या लवकर न्या. दोन ग्लास उरलेली बाटली नेऊन "खराब होती" म्हटले तर कोण ऐकेल?

*घरी:* पाहुण्यांनी आणलेली बाटली बिघडलेली निघाली तर नाजूक परिस्थिती. इथे दोष पाहुण्यांचा नाही, बुचाचा आहे, हे लक्षात ठेवा आणि तसेच हसत सांगा. नारळ फोडल्यावर नासका निघाला तर आपण आणणाऱ्याला बोल लावत नाही, दुसरा फोडतो. तसेच हे.

*स्वयंपाकात:* थोडी हवा लागलेली वाइन सूपमध्ये किंवा सॉसमध्ये खपून जाते. टीसीएवाली मात्र वापरू नका, कुबटपणा पदार्थात उतरण्याची भीती असते.

आणि प्रकृतीचे काय? वर सांगितलेल्या दोषांपैकी कोणताही नेहमी आढळणाऱ्या प्रमाणात विषारी नाही. चुकून एक घोट गेला तर काही होत नाही. खरा धोका वासात नसून प्रमाणात आणि नंतर गाडी चालवण्यात आहे. पार्टीला जाताना परत कोण चालवणार हे आधी ठरवावे, आणि जो घेत नाही त्याला आग्रह करू नये. जेवणाचा आग्रह आपली संस्कृती, हा नव्हे.

शेवटी एवढेच, की भीड ही भिकेची बहीण. मसाल्याच्या डब्यावर वाढलेले आपले नाक कोणत्याही सॉमेलिएच्या नाकापेक्षा उणे नाही. हिंग खरा की भेसळीचा, तूप कढले की करपले, तांदूळ नवा की जुना, हे आपण डोळे मिटून सांगतो. तेच नाक ग्लासात घाला आणि जे जाणवेल ते मोकळेपणाने सांगा. पुढच्या पॉटलकला एखादी बाटली कुबट निघाली तर तीही लगेच ओतून टाकू नका. चांगल्या बाटलीशेजारी ठेवून सगळ्यांना वास घेऊ द्या. दोष ओळखायला शिकण्याचा यापेक्षा स्वस्त क्लास नाही.

तुमच्या नाकाला आलेले चित्रविचित्र अनुभव आम्हाला जरूर कळवा. चीअर्स!